भुशाचा बर्फ

सफरचंदाच्या गाडीतून आलं ते,
पेट्यांच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेलं.
वाशीच्या मार्केटात माल उतरला
आणि ड्रायव्हरनं ते रबाळ्याला माझ्या दारात ठेवलं.
"नेगीजींनी दिलंय. बर्फ फेकतं.
आता जागचं हलत नाही.
परवा रात्री गाडी परत निघणार,
त्याआधी."

ऑक्टोबर. पत्र्याखाली पान्हासुद्धा
फडक्यात धरावा लागतो.
बर्फ मी पाहिलाय तो दिवाळे गावच्या जेटीवर,
कुटलेला, बोंबलाच्या वासाचा.

पेट्रोल काढून घेतलं, मशीन नाकावर उभं केलं.
खालचं झाकण: सहा बोल्ट, दोन गंजलेले.
आत बघतो तर केवढंसं काम!
एक ॲल्युमिनियमची थाळी, इंजिनाबरोबर गरगरणारी,
तिच्या तोंडावर काटकोनात टेकलेलं एक चाक,
चाकाला रबराची वळी.
दातात दात नाही.
नुसतं टेकणं, आणि टेकण्यावर सगळी चाल.

चाक थाळीच्या कडेला सरकवा, पळतं.
आत आणा, रांगतं.
बरोबर मध्यावर आणलं
की थाळी जोरात आणि मशीन जागच्या जागी.
मध्य ओलांडून बोटभर पलीकडे
मागे चालू लागतं.
रिव्हर्ससाठी वेगळा गिअर कुणी कापलेलाच नाही.
अठ्ठावीस वर्षं गिअरबॉक्स उघडतोय मी,
तरी स्टुलावर बसून राहिलो
चहावर साय धरेपर्यंत.

रबर पार संपलेलं. लोखंडी कड थाळीला लागून
गोल गोल चरे.
आणि त्यावर ग्रीस, बोटानं चोपडलेलं,
कोपऱ्याकोपऱ्यात, मायेनं.
चालत नाही ना, मग घाल वंगण!
आता घसरेल नाही तर काय करेल?

तयार वळी कुठे मिळेना.
जुनी घेऊन पावण्याच्या कुट्टीकडे गेलो.
त्यानं नखानं दाबून पाहिली, वाकवली, हुंगली.
म्हणाला, उणे वीसला दगड होणार नाही असं रबर पाहिजे.
उणे वीस!
दोघंही हसलो.
घामानं त्याचा चष्मा नाकावरून घसरला.
रात्री साच्यातून काढून दिली, हातात घेववेना.

स्पिरिटनं थाळी पुसली, तीन फडकी काळी झाली.
षट्कोनी दांड्याला तेलाचा थेंब. एकच.
केबल आवळली, सोडली, पुन्हा आवळली:
कळ सोडली की चाक सुटलं पाहिजे,
दाबली की धरलं पाहिजे,
बाजारात लिंबू चाचपतो तेवढ्याच जोरानं.

आता चालवून बघायचं कशात?
निनाद म्हणाला, मिठाच्या गोणी आणू,
दिसेल तरी बर्फासारखं.
मिठाचं नाव निघालं आणि मला बाबा दिसले
खाडीकडच्या आगरात, फळीनं पांढरं ओढताना,
पायाच्या भेगांत तेच पांढरं.
त्यांच्या सायकलचं मडगार्ड दर दोन वर्षांनी गळून पडायचं.
"मिठाचं नि लोखंडाचं सोयरं नाय जमत," म्हणायचे.
मीठ नको.

सॉमिलमधून भुसा आणला, नऊ पोती.
गाळ्यासमोर ढीग केला, वर पाण्याचा शिपका.
कळ दाबली.
ते जरासं थबकलं,
आणि आपल्या पायांनी ढिगात शिरलं.
नळीतून भुसा उडाला तो थेट
समोरच्या शकीलभाईंच्या ओल्या रंगाच्या ग्रिलवर.
त्यांनी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.
निनाद भुवयांवर भुसा घेऊन ओरडत होता,
"पप्पा, मागे! मागे घ्या!"
दांडी मध्यावरून पलीकडे नेली.
आलं मागे.

काल नेगीजींचा फोन आला.
अजून पडलेला नाही म्हणाले, आभाळ मात्र आहे.
म्हटलं, पडला की लगेच कळवा,
कुट्टी रोज विचारतोय.